बोरीची मुळी

दाढ दुखते म्हणून आलेल्या बाईने खुर्चीत बसल्याबरोबर पदराखालून एक गाठोडं काढलं आणि माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"मुळी हाये, घरामागच्या बोरीची. याचा पाईप करून द्या."

एप्रिल महिना होता, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत लाकडाचा लेथ. लेथवर तंबाखूचे पाईप करायचा मला नाद होता. मी स्वतः कधी पाईप ओढला नाही. पण लाकूड फिरायला लागलं की त्याच्या पोटातून गोल वाटी निघते ते बघायला मला फार आवडायचं. तोंडात धरायची नळी मी कवळीच्या काळ्या रबराची करायचो आणि बारीक कोरकाम दात कोरायच्या जुन्या सुयांनी. जंगल खात्याचे साहेब, दोन निवृत्त सुभेदार, कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक असे माझ्या पाईपांचे पाच-पंचवीस धनी होते. मी कुणाकडून काही घेत नसे.

बाईला मी ओळखत होतो. अनसूयाबाई काळमेघ, धामणखेडच्या थोरल्या पाटलाची बायको. वय चाळिशीच्या आत, पण केस पिकलेले. त्यांचे यजमान दौलतराव माझे पेशंट आणि मी केलेल्या अगदी पहिल्या पाईपांपैकी एकाचे मालक. अकरा वर्षांपूर्वी ते नर्मदा परिक्रमेला म्हणून गेले ते परत आले नाहीत. धाकटा भाऊ गुणवंत त्यांना स्वतः स्टेशनवर पोहोचवून आल्याचं सांगत असे. पुढे ओंकारेश्वराहून एक पत्र आलं, मग काहीच नाही. अनसूयाबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक म्हणत. त्या रोज नवऱ्याचं पान वाढतात, कुंकू लावतात, कुणाशी बोलत नाहीत. मध्ये त्यांना दूरच्या एका इस्पितळात तीन महिने ठेवलंही होतं.

"पाईप कुणासाठी?" मी जपून विचारलं.

"घरधन्यासाठी. ते येनार हायेत."

दाराशी एक गडी उभा होता, संपत नावाचा. गुणवंतने बरोबर पाठवलेला. तो आमच्याकडेच बघत होता.

मी बाईंना आ करायला सांगितलं. आरसा घेऊन सगळे दात बघितले. एकही किडलेला नव्हता, हिरड्या गुलाबी, निरोगी. मी वाकलेलो असताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "वर्षभर माळ्यावर वाळवली हाये. हा फुगवटा हाये ना, इथंच वाटी कोरा. दुसरीकडे नाई. आन् तुमीच कोरा, दुसऱ्या कोनाच्या हाती देऊ नका."

त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला. वेड्या माणसाचा आवाज मी ऐकलेला होता. हा तसा नव्हता. मी मागे सरून त्यांच्याकडे बघितलं, तर त्या पुन्हा तशाच, कुठेतरी भिंतीपलीकडे बघत बसलेल्या.

"दाढेला औषध लावलंय," मी संपतला ऐकू जाईल असं म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी मी मुळी हातात घेतली. दोन मुठींएवढी, एका बाजूला गाठीसारखी फुगलेली. वर वाळलेली माती घट्ट बसली होती. ती खरवडून मी दोन्ही टोकं कापली. बोरीचं लाकूड लालसर, चिवट, आगीला दाद न देणारं, पाईपाला उत्तम. लेथच्या पकडीत, चकमध्ये, आवळून मोटर सुरू केली आणि गोल पटाशी लावली. पहिली सालपटं लांब, रिबिनीसारखी निघाली. बायको मंदा दारातून डोकावून म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." मी मान हलवली.

फुगवट्यात पटाशी शिरली आणि वास बदलला.

लाकडाचा वास नव्हता तो. लाखेचा होता. बांगडीवाल्या लखाऱ्याच्या दुकानात येतो तसा, गरम, गोडसर. बोरीच्या झाडावर लाखेचे किडे असतातच, असं मी मनाला सांगितलं. ते फांद्यांवर असतात, मुळाला नसतात, हे मला माहीत होतं. तरी सांगितलं.

मग पटाशी खडकन वाजली आणि माझ्या मनगटाला हिसका बसला. मोटर बंद केली. फिरतं लाकूड हळूहळू थांबलं. वाटीच्या जागी पडलेल्या खळग्यात काहीतरी पिवळं चमकत होतं.

मी दवाखान्यातली बारीक सुई आणली, कडेने काळपट थर खरवडला आणि चिमट्याने ओढलं. हातात आला तो माणसाचा दात. खालची डावी दाढ, दोन्ही मुळांसकट, वर सोन्याची टोपी.

तो उजेडात धरायची गरज नव्हती, तरी मी खिडकीशी गेलो. टोपीच्या चावायच्या बाजूला राईएवढा तांबूस ठिपका होता. टोपी ओतताना तिथे छिद्र पडलं होतं आणि ते मी मंदाच्या मोडक्या कुडीतल्या सोन्याने बुजवलं होतं. ते सोनं जरा तांबडं निघालं. पेशंटने आरशात बघून म्हटलं होतं, "चालते डॉक्टर, तीट लावली म्हना." तो आवाज मला स्पष्ट आठवला. दौलतराव काळमेघ. रजिस्टर काढून बघितलं, तारीखसुद्धा होती.

नर्मदेकाठी गेलेल्या माणसाची दाढ त्याच्याच घरामागच्या बोरीच्या मुळीत होती.

मंदाला सांगितलं तेव्हा तिने दाढ हातात घेऊन खिडकीशी उजेडात फिरवली. मग म्हणाली, "ती बाई वेडी नाहीये हो."

"ठाण्यात जाऊ?"

"ठाण्यात?" मंदाने माझ्याकडे नुसतं बघितलं. गुणवंत काळमेघ गावचा पोलीसपाटील होता. ठाण्यातली माणसं त्याच्या बागेतली संत्री खायची. अनसूयाबाईंना इस्पितळात घालायला जो पंचनामा झाला, त्यावर पहिली सही त्याचीच होती, हे तालुक्याला माहीत होतं.

मी दाढ कापसात गुंडाळून औषधांच्या कपाटातल्या खणात ठेवली. आठ दिवस काहीही केलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज पहिला पेशंट आला की बरं वाटायचं, आता वेळ नाही म्हणून.

नवव्या दिवशी, भर दुपारी, गुणवंत आला.

धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, पायात करकर वाजणारा जोडा. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. तो न सांगता खुर्चीत बसला, डोकं मागे टेकवलं.

"माही दाढ पाहा डॉक्टर. ठनकून राह्यली."

मी हात धुतले, दिवा ओढला. त्याने आ केला आणि माझे हात जागच्या जागी थांबले.

भावाभावांचे चेहरे मिळतात हे सगळ्यांनाच दिसतं. दात मिळतात ते आम्हालाच दिसतं. समोरचे दोन खालचे दात एकमेकांवर चढलेले, सुळा किंचित आत वळलेला, उजवीकडे तीच फट. हेच तोंड मी अकरा-बारा वर्षांपूर्वी तासन् तास बघितलं होतं. दिव्याच्या उजेडात नाक, डोळे अंधारात गेले होते, फक्त जबडा दिसत होता. खुर्चीत दौलतराव पडलेत आणि त्यांची डावी दाढ तेवढी परत उगवली आहे, असं मला वाटलं.

मी बोट आत घालून हिरडी दाबली. "इथे दुखतं?"

त्याचे दात मिटले. चावला नाही तो. माझं बोट त्याने नुसतं धरलं, कुत्रा खेळताना हात धरतो तसं. त्याचे डोळे माझ्याकडे लागले होते. किती वेळ गेला असेल? पाच सेकंद, दहा. मग त्याने तोंड उघडलं.

"वहिनीनं तुमाले एक मुळी देल्ली म्हनते."

"हो. दिली होती."

"कोन्या झाडाची?"

"बोरीची म्हणाल्या."

"काय केलं तिचं?"

माझ्या मागे, हातभर अंतरावर, तो खण होता. मी हात पुसायला टॉवेल घेतला.

"लेथवर धरली आणि चिरफाळली. पोकळ होती आतून. बंबात घातली."

"जाळली?"

"हो. कामाची नव्हती."

तो उठून बसला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हसला, खालचे ते दोन चढलेले दात दिसले.

"बरं केलं. तिचं काय, ती पिसाट बाई. मागच्या साली वावटळीत झाड पडलं तवापासून त्याच्यापाशी जाऊन बसते. आता तो बुंधा बी काढून टाकतो. परवा मानसं सांगितली हायेत."

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याने दुखणाऱ्या दाढेबद्दल पुढे विचारलंच नाही. आणि परवा हा शब्द कानात राहिला. परवा तिथे खणणार होते ते गुणवंतची माणसं. काढायचं ते काढून तो कायमचा मोकळा होणार होता.

त्याच संध्याकाळच्या एसटीने मी जिल्ह्याच्या गावी गेलो. तिथे बाविस्कर नावाचे एक मोठे पोलीस अधिकारी होते. त्यांच्या ओठात मी केलेला शिसवी पाईप असायचा, एवढीच आमची ओळख. मी त्यांच्या टेबलावर कापूस उलगडला, शेजारी रजिस्टर ठेवलं आणि ती अर्धवट कोरलेली मुळीही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाईप विझला होता, तो त्यांनी पुन्हा पेटवला नाही.

"डॉक्टर, ही टोपी तुम्हीच केलेली, हे शपथेवर सांगाल?"

"सांगेन."

"आणि ही मुळीच्या आत सापडली हे?"

"सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी धामणखेडला पोहोचली, तेव्हा मीही त्यात होतो. गोठ्यामागे जुना खताचा खड्डा बुजवून सपाट केलेला होता आणि त्याच्या मधोमध बोरीचा तो आडवा झालेला बुंधा. काट्यांमुळे गडी कुरकुरत होते. गुणवंत कडुनिंबाखाली खाटेवर बसून पान लावत होता. "खना, खना," तो म्हणाला, "वेड्या बाईच्या नादानं शहाने बी येडे होतेत."

कमरेएवढं खणल्यावर मुळांचं जाळं लागलं. गड्याने कुदळ टाकली आणि हाताने माती सारायला लागला. मग तो मागे सरला. मुळं एका बरगड्यांच्या पिंजऱ्यातून आरपार गेली होती. एक बारीक मुळी डोळ्याच्या खाचेतून शिरून जबड्यातून बाहेर आली होती. बाविस्करांनी मला बोलावलं. मी गुडघ्यावर बसून जबडा बघितला. खालचे समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले. डावीकडे एक जागा मोकळी.

मी मान वर केली तर अनसूयाबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी हाताच्या उलट्या बाजूने कपाळावरचं कुंकू पुसलं, अंगणातून चालत आल्या, गुणवंतच्या खाटेसमोरून गेल्या आणि बाविस्करांच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, आता मी बोलतो. आता मले कोनी येडी म्हननार नाई."

त्या बोलल्या. पोळ्याचा दिवस होता. गावातले सगळे बैलांमागे तोरणाखाली गेले होते. वाटणीवरून भावाभावांत शब्द वाढला आणि गुणवंतने जुवाची शिवळ, ती हातभर लांब लाकडी खुंटी, उचलून दौलतरावांच्या तोंडावर आणि मग डोक्यावर मारली. बाईंनी ते गोठ्याच्या फटीतून बघितलं, कडेवर दोन वर्षांचं पोर. गुणवंतने त्यांना बघितलं आणि पोराकडे बोट करून एवढंच म्हटलं, "खड्डा मोठा हाये, वहिनी." ओंकारेश्वरचं पत्रही त्यानेच कुणाकडून तरी टाकून घेतलं होतं. तरीही दुसऱ्या वर्षी त्यांनी धीर करून ठाण्यात तोंड उघडलं. त्याचं फळ म्हणजे ते तीन महिन्यांचं इस्पितळ. बाहेर आल्यावर त्यांनी खड्ड्याच्या जागी बोर लावली. काट्याजवळ कुणी जात नाही म्हणून गुणवंतलाही ते बरंच वाटलं; उन्हाळ्यात पाणी तोच घालायचा. मुलगा मोठा होऊन लांबच्या सैनिकी शाळेत जाईपर्यंत त्या वेड्या राहिल्या.

खटला दीड वर्ष चालला. माझी साक्ष दोन दिवस झाली. गुणवंतच्या वकिलाने फार खोदून विचारलं, पण त्याचा सगळा भर टोपी माझी नाही हे दाखवण्यावर होता. लाकडाबद्दल त्याने एकच प्रश्न विचारला.

"मुळी वाढताना एखादी वस्तू पोटात घेते, असं होऊ शकतं का?"

"होऊ शकतं," मी म्हणालो. "तारा, खिळे, दगड, सगळं घेते."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. गुणवंतला जन्मठेप झाली. वरच्या कोर्टातही ती कायम राहिली.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी, थंडीत, अनसूयाबाई एकट्या दवाखान्यात आल्या. पांढरं लुगडं, हातात कोर्टाचं लाखेची मोहोर फोडलेलं पाकीट. मुद्देमाल म्हणून ठेवलेली दाढ त्यांना परत मिळाली होती.

"अस्थी तर तवाच नदीत शिरवल्या," त्या म्हणाल्या. "हे तेवढं राह्यलं. सोन्यासकट शिरवलं तर चालते का, का काढा लागते?"

"चालतं," मी म्हणालो. "त्यांचंच आहे ते."

त्यांनी पाकीट उघडून दाढ माझ्या हातावर ठेवली. कोर्टातल्या साक्षीनंतर मी ती पुन्हा बघितली नव्हती. टोपी तशीच चमकत होती. पण मी बघत होतो ती टोपीखालची मुळं. दाढ सापडली त्याच दिवशी, लेथसमोर, खिडकीच्या उजेडात मी ती बघितली होती आणि त्यावर कुणाशीही बोललो नव्हतो, मंदाशीही नाही. अकरा वर्षं काळ्या मातीत पडलेला दात विटकरी होतो, काळा पडतो, त्याला माती आतपर्यंत भिनते. जबड्यातले बाकीचे दात तसेच झालेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते. ही मुळं पांढरीशुभ्र होती. आणि मुळीतला तो खळगा वाढून झालेला नव्हता. कुणीतरी सुरीने कोरला होता, लाख वितळवून दात बसवला होता, वर भुसा दाबून मातीने लिंपलं होतं. लाकडाचे धागे कापलेले होते. दोन ओळींत मी हे कोर्टात सांगू शकलो असतो. मग पुढे काय झालं असतं, ते मला माहीत नाही.

"बाई," मी म्हणालो, "हा दात मातीत नव्हता."

त्या दचकल्या नाहीत. खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आंगन झाडत होतो, तवा झाडूत आला. नुसता दात घेऊन कोनापाशी गेलो असतो तर म्हनले असते, येडी कुठून तरी घेऊन आली. तुमच्या हातानं निघाला म्हनून खरा झाला." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमाले तवाच समजलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं नाई?"

"मला तसं कुणी विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. बाहेर रस्त्यावरून एक टांगा घुंगरं वाजवत गेला. मला राहवलं नाही.

"अकरा वर्षं कुठे ठेवला होता? घरात सगळीकडे गुणवंतची नजर असेल."

अनसूयाबाईंनी दाढ उचलून पाकिटात घातली, पाकीट कमरेला खोचलं आणि उठल्या.

"मिठाच्या बरनीत," त्या म्हणाल्या. "बुडाशी. त्याले मीठ लई लागे. रोज जेवताना वरून मागून घे. मी वाढो."

आणि त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरून नदीच्या रस्त्याला लागल्या.